सॅकमधलं नॉनव्हेज

तीन दिवसांचा ट्रेक, फ्रीज नाही, आणि ग्रुपमधल्या निम्म्या जणांना रात्री ‘काहीतरी चमचमीत’ हवंय. मग काय न्यायचं आणि काय घरीच ठेवायचं?

ट्रेकच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर तारीख ठरते, गाडी ठरते, टेण्ट कोण आणणार तेही ठरतं. मग कुणीतरी हळूच विचारतं, ‘नॉनव्हेजचं काय?’ झालं! पुढचे पन्नास मेसेज त्यातच जातात. एकाची आई चिकन सुकं करून देणार असते. दुसरा मॅरिनेट केलेलं चिकन बर्फात घालून आणतो म्हणतो. तिसऱ्याला थेट गडावरच कोंबडी शिजवायची असते. शेवटी वैतागून लीडर जाहीर करतो, ‘मॅगी आणि खिचडी. विषय संपला!’

खरं तर विषय संपवायची काही गरज नाही. मांस-मासळी फ्रीजशिवाय टिकवण्याचे उपाय माणसाला फ्रीजच्या कितीतरी आधीपासून माहीत आहेत. त्यातले काही तर आपल्या आजीच्या फडताळातच असतात. फक्त काय टिकतं आणि का टिकतं, एवढं समजून घेतलं की दुकानात उभं राहून डोकं खाजवावं लागत नाही.

एका दिवसाच्या ट्रेकला हा प्रश्न येतच नाही. संध्याकाळी परतताना हायवेवर ढाबे आहेतच की! पण रतनवाडीहून निघून रतनगड, मग कात्राबाईची खिंड, पुढे कुमशेत, पाचनई आणि तिथून हरिश्चंद्रगड असा तीन दिवसांचा बेत असेल तर? दिवसभर चढ-उतार, पाठीवर दहा-बारा किलोंची सॅक आणि संध्याकाळी मरणाची भूक. अशा वेळी प्रोटीन ही चैन राहत नाही, दुसऱ्या दिवशी पाय चालायला हवेत म्हणून ते लागतंच.

आईच्या डब्याचा हिशेब

सुरुवात सगळ्यात लाडक्या पदार्थापासून करू. आईचं चिकन सुकं. शुक्रवारी संध्याकाळी सहाला गॅसवरून उतरलं, डब्यात भरलं, रात्रीच्या कसारा लोकलमध्ये चढलं, पहाटे जीपमधून हिंदकळत रतनवाडीला पोचलं आणि शनिवारी दुपारी बाराला गडावर उघडलं. म्हणजे झाले अठरा तास. तेही सॅकमध्ये, उन्हात.

अन्नसुरक्षेचा जगभर मानला जाणारा नियम काय सांगतो? शिजवलेलं मांस ५ ते ६० अंश सेल्सिअसच्या मधल्या तापमानात दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नये. हवा ३२ अंशांच्या वर असेल तर एकच तास. याच पट्ट्यात जिवाणू भराभर वाढतात. आपल्या चिकन सुक्याने ही मर्यादा लोकल ठाण्याला पोचायच्या आत ओलांडलेली असते.

‘अरे, पण वर जाऊन कडकडीत गरम करू ना!’ हे वाक्य प्रत्येक ग्रुपमध्ये एक जण बोलतोच. गोची इथेच आहे. स्टॅफिलोकॉकससारखे काही जिवाणू अन्नात विष तयार करून ठेवतात. उकळल्यावर जिवाणू मरतात, पण ते विष तसंच शिल्लक राहतं. वासालाही कळत नाही, चवीलाही नाही. कळतं ते दोन-चार तासांनी, खिंडीच्या मधोमध. घरी पोट बिघडलं तर एक दिवस सुट्टी टाकून भागतं. इथे उलट्या-जुलाबांनी अंगातलं पाणी चाललेलं, प्यायचं पाणी मोजकं, मोबाइलला रेंज नाही आणि दवाखाना असलेलं गाव काही तासांच्या चालीवर. आजारी मित्राला उचलून घाटवाट उतरवणं हा कुठल्याच ग्रुपला झेपणारा प्रकार नाही.

बर्फातल्या मॅरिनेट चिकनचीही हीच कथा. बर्फ शनिवारी दुपारपर्यंत पाणी होतो आणि ते कच्च्या चिकनचं पाणी सॅकभर फिरतं. आईचा डबा जरूर घ्या, पण तो शुक्रवारी रात्रीच, निघायच्या आधी गरमागरम संपवा. आईही खूश, पोटही खूश.

सगळा खेळ पाण्याचा

मग टिकतं काय? सगळा फण्डा एका वाक्यात बसतो. मांसातलं पाणी काढा, नाहीतर ते हवाबंद करून आतल्या आत शिजवा.

ताज्या मांसात साधारण ७५ टक्के पाणी असतं. जिवाणूंना जगायला हेच पाणी लागतं. ते वाळवून उडवा किंवा मिठाने बांधून टाका, जिवाणूंचा रेशनपुरवठा बंद. शास्त्रज्ञ या ‘जिवाणूंना वापरता येणाऱ्या पाण्या’चं माप काढतात आणि त्याला वॉटर अॅक्टिव्हिटी म्हणतात. शुद्ध पाण्याचं माप १, ताज्या मांसाचं जवळपास ०.९९. हे माप ०.८५च्या खाली आणलं की आजारी पाडणाऱ्या जिवाणूंची वाढ थांबते. बुरशी मात्र त्याहून कोरड्या मालावरही येते. म्हणून वाळवलेली वस्तू पुन्हा दमट होऊ द्यायची नाही.

दुसरा मार्ग डब्याचा. अन्न हवाबंद करायचं आणि मग डब्यासकट इतकं तापवायचं की आतलं काहीच जिवंत राहू नये. निकोलस अपेर नावाच्या फ्रेंच मिठाईवाल्याने काचेच्या बाटल्या वापरून हे करून दाखवलं आणि १८१० साली फ्रेंच सरकारकडून १२ हजार फ्रँकचं बक्षीस मिळवलं. गंमत म्हणजे हे का टिकतं, ते त्यालाही ठाऊक नव्हतं. जिवाणूंचा उलगडा पाश्चरने केला तो त्यानंतर कित्येक वर्षांनी!

या दोन मार्गांत न बसणारी जवळपास प्रत्येक गोष्ट फ्रीजची आहे, असं समजून चाला.

आजीच्या फडताळातलं सुपरफूड

पहिला मान अर्थातच सुक्या मासळीचा. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. म्हणून पावसाळ्याआधी कोळीवाड्यांत बोंबील वलांडीवर वाळत घातलेले दिसतात, अंगणात जवळा पसरलेला असतो. आगोटची ही बेगमी म्हणजे फ्रीजशिवाय चार महिने काढायचा पक्का बंदोबस्त. मग आपल्याला तीन दिवस काढायला काय जड आहे?

आकडे बघाल तर उडालच. ओल्या बोंबलात जवळजवळ ९० टक्के पाणी, म्हणून तो इतका लिबलिबीत. वाळल्यावर त्याच बोंबलाच्या १०० ग्रॅममध्ये सुमारे ६० ग्रॅम प्रोटीन मिळतं. जिममध्ये डबे रिकामे करणाऱ्यांनी हे वाक्य पुन्हा वाचावं! एका अंड्यात जेमतेम सहा ग्रॅम असतं. आणि वजन? चार जणांच्या एका जेवणाला १०० ग्रॅम जवळा पुरून उरतो.

ट्रेकसाठी निवडताना थोडं तारतम्य हवं. जवळा, सुकट आणि सोडे सगळ्यात सोयीचे. काटा नाही, पटकन शिजतात, जागाही कमी खातात. बोंबील छानच, पण निघण्याआधी डोकी-शेपट्या काढून, तुकडे करून न्या. खारवलेला बांगडा मात्र घरीच असू द्या. त्यातलं मीठ काढायला तो भिजवावा लागतो, पाणी फेकावं लागतं आणि खाल्ल्यावर तहान लागते ती वेगळीच. फेब्रुवारीनंतर सह्याद्रीतली टाकी आटायला लागतात, तेव्हा तहान वाढवणारं जेवण म्हणजे स्वतःच्या हाताने स्वतःची कोंडी.

घेताना माल हातात घेऊन बघा. खडखडीत वाजला पाहिजे. दाबल्यावर मऊ लागला, पिवळट पडला असेल किंवा खवट वास आला तर मावशींना सरळ सांगा, ‘मावशी, कडक वाळलेला द्या, डोंगरावर न्यायचाय.’ त्या बरोबर आतल्या टोपलीतला काढून देतात.

आणि सगळ्यात भारी आयडिया म्हणजे जवळ्याची चटणी घरूनच करून न्यायची. जवळा निवडून कोरड्या तव्यावर कुरकुरीत भाजायचा. सुकं खोबरं आणि लसूण वेगवेगळे खमंग भाजून घ्यायचे, लसणीचा ओलावा पूर्ण जाईपर्यंत. मग लाल तिखट, मीठ आणि सगळं एकत्र भरड कुटायचं. पूर्ण गार झाल्यावर डब्यात. वर ना चूल पेटवायला लागते, ना भांडं घासायला. वाटेतल्या गावात गरम भाकरी मिळाली की दुपारचं जेवण तयार!

चान्या, जर्की आणि खिम्याची वाळू

‘मासे ठीक आहेत, पण मटणाचं काय?’ आलोच तिकडे.

मांस वाळवणं ही परदेशी फॅशन आहे असं वाटत असेल तर थांबा. मराठवाड्यातल्या दलित घरांत मांसाच्या लांब पट्ट्या कापून दोरीवर वाळवायची जुनी रीत आहे. त्यांना चान्या म्हणतात. शाहू पाटोळे यांच्या ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ या २०१५ सालच्या पुस्तकात या खाद्यसंस्कृतीची सविस्तर नोंद आहे. हौस म्हणून कुणी हे करत नव्हतं. मांस मिळायचं तेव्हा एकदम मिळायचं, नंतर कितीतरी दिवस नाही. तेव्हा आलेलं पुरवून खायचं, एवढाच हिशेब.

आज मॉलमध्ये चकचकीत पाकिटातून मिळणारी जर्की म्हणजे याच कुळातली. हा शब्द दक्षिण अमेरिकेतल्या क्वेचुआ भाषेतल्या ‘चार्की’वरून आला. दक्षिण आफ्रिकेतल्या बिल्टाँगमध्ये व्हिनेगर आणि मिठाबरोबर चक्क आपले धणे असतात. उत्तर अमेरिकेतले मूलनिवासी वाळलेलं मांस कुटून त्यात चरबी घालत. त्याचं नाव पेमिकन. १९११ साली दक्षिण ध्रुवावर पोचलेल्या अॅमुण्डसेनच्या स्लेजवरही पेमिकनच होतं.

आपल्याकडे आता चिकन जर्की ऑनलाइन मिळते. चालता चालता चघळायला मस्त. फक्त दोन गोष्टी बघा. पाकीट उघडण्याआधी फ्रीजमध्ये ठेवायला सांगितलंय का, आणि मीठ किती आहे. आणि हो, कुणाचा मामेभाऊ परदेशातून येताना बीफ जर्की आणणार असेल तर त्याला आधीच नको म्हणा. महाराष्ट्रात २०१५पासून गोवंशाबाबतचा कायदा कडक झालाय आणि बाहेरून येताना सामानातलं मांस कस्टम्सला सांगावं लागतं. ट्रेकच्या आधी ही झंझट कशाला?

घरी करायचं असेल तर जर्कीपेक्षा खिमा सोपा. परदेशातले बॅकपॅकर्स हा प्रकार सर्रास करतात आणि आपल्या खिचडी-पुलावात तो फिट्ट बसतो. कृती अशी:

मटणाचा किंवा चिकनचा बिनचरबीचा खिमा घ्या. चरबी वाळत नाही, उलट खवट होते, म्हणून खाटिकाला तसं आवर्जून सांगा. आलं-लसूण, हळद, तिखट, मीठ घालून खिमा पूर्ण शिजवा, अगदी कोरडा होईपर्यंत. मटण आतून किमान ७१ अंश आणि चिकन ७४ अंशांपर्यंत तापलंच पाहिजे. आधी शिजवणं आणि मग वाळवणं, हा क्रम बदलायचा नाही. कच्चं मांस मंद आचेवर वाळवलं तर जिवाणू मरत नाहीत, नुसते झोपतात. शिजल्यावर सुटलेली चरबी निथळून, कागदाने टिपून घ्या. मग ट्रेमध्ये पातळ पसरून ओव्हनमध्ये किंवा डिहायड्रेटरमध्ये ६० ते ६५ अंशांवर ठेवा. सहा-आठ तास जातात, मध्ये मध्ये हलवा. दाणे खडीसारखे कडक झाले, दाबल्यावर ओलावा लागला नाही की झालं. फ्लॅटच्या बाल्कनीत उन्हात ठेवायचा मोह टाळा. माश्या, धूळ आणि कबुतरं यांना आमंत्रण लागत नाही.

एक किलो खिम्याचे साधारण तीन-साडेतीनशे ग्रॅम दाणे होतात. पूर्ण गार झाल्यावर हवाबंद पिशवीत भरा आणि दोन आठवड्यांत संपवा. लवकर करून ठेवायचं असेल तर निघेपर्यंत फ्रीझरमध्ये राहू द्या. गडावर गरम पाण्यात वीसेक मिनिटं भिजवलं की खिमा परत जिवंत होतो.

पण इथे एक गाठ मारून ठेवा. पाणी घातलं की ते पुन्हा ताजं मांस झालं! घड्याळ पहिल्यापासून सुरू. भिजवलेला खिमा लगेच शिजवायचा, लगेच संपवायचा. ‘उरलेला सकाळी पोह्यात घालू’ ही आयडिया आईच्या चिकन सुक्याइतकीच धोक्याची.

डबा की पाऊच?

वाळवायला वेळ नाही, शुक्रवारी सातला ऑफिसातून सुटून अकराला स्टेशन गाठायचंय? मग डबा किंवा पाऊच.

टुनाचा डबा आता कोपऱ्यावरच्या सुपरमार्केटमध्येही मिळतो. आतला मासा आधीच शिजलेला, तसाच खाता येतो. निथळलेल्या १०० ग्रॅम टुनात साधारण २५ ग्रॅम प्रोटीन असतं. पाण्यातला आणि तेलातला असे दोन प्रकार मिळतात. ट्रेकला तेलातला घ्या. तेलातून जास्तीची ऊर्जा मिळते आणि त्याच तेलात कांदा परतता येतो. दोघांत एक डबा, वर लिंबू आणि चिरलेली मिरची, भाकरीत गुंडाळा आणि चालू पडा. डबे असेच घ्या ज्यांना ओढून उघडायची रिंग असते. नाहीतर गडावर दगडाने डबा ठोकायचा कार्यक्रम होतो आणि बोट कापतं.

पाऊचचं प्रकरण आणखी सोपं. चिकन करी, खिमा, बिर्याणी असं सगळं थरांच्या पाकिटात सीलबंद करून साधारण १२१ अंशांवर, दाबाखाली शिजवलेलं असतं. याला रिटॉर्ट म्हणतात. हे तंत्र भारतीय जेवणासाठी बसवण्यात म्हैसूरच्या डिफेन्स फूड रिसर्च लॅबोरेटरीचा मोठा वाटा आहे. १९६१ साली जवानांच्या रेशनसाठी ही संस्था सुरू झाली. सीमेवरच्या जवानासाठी झालेलं काम आज वीकेण्डच्या ट्रेकरच्या सॅकमध्ये आलंय! पाकीट तसंच उकळत्या पाण्यात पाच मिनिटं टाकलं की जेवण गरम.

तोटा एकच, वजन. ३०० ग्रॅमच्या पाकिटात बरीचशी ग्रेव्ही, म्हणजे पाणीच. ते तीन दिवस वाहून नेण्यात काही शहाणपण नाही. म्हणून पाऊच पहिल्या रात्री संपवायचे.

फुगलेला, गंजलेला किंवा शिवणीवर चेपलेला डबा आणि हवा भरलेलं पाऊच न उघडता फेकून द्या. चाखून बघायचंही नाही. आत बोट्युलिझम करणारे जिवाणू वाढलेले असू शकतात आणि त्यांचं विष थेट मज्जासंस्थेवर हल्ला करतं. आणि बंद डबा चुलीत गरम करू नका, तो फुटतो.

चोरीस आणि लोणचं

दक्षिणेकडे गोव्यात गेलात तर म्हापशाच्या बाजारात चोरीसच्या माळा लटकताना दिसतील. डुकराचं मांस, मीठ, व्हिनेगर, मिरची, मसाला. मग ऊन किंवा धूर. आंबट, खारट आणि कोरडं असं तिहेरी कवच! चांगली वाळलेली, छोट्या मण्यांची माळ ट्रेकला न्यायला उत्तम. चार मणी सोलून टाकले की अख्ख्या पुलावाला मसाला आणि तेल आपोआप मिळतं. पण चोरीस कच्ची असते, शिजवूनच खायची. आणि पाकिटातली मऊ, ओलसर, फ्रीजमधून काढून दिलेली चोरीस म्हणजे ही नव्हे.

तिकडे आंध्र-तेलंगणात चिकन-मटणाच्या लोणच्यांची मोठी परंपरा आहे. चमचाभर लोणचं आणि भात, ब्रह्मानंद! मात्र नीट बघा की त्यात लिंबू किंवा व्हिनेगर भरपूर आहे. नुसत्या तेलाने मांस टिकत नाही. तेल हवा अडवतं आणि बोट्युलिझमच्या जिवाणूला हवा नसलेलीच जागा आवडते. त्याला रोखतो तो आंबटपणा. घरगुती लोणचं किती आंबट आहे हे जिभेने मोजता येत नाही, म्हणून लेबल आणि तारीख असलेली सीलबंद बाटलीच घ्या आणि ट्रेकच्या सुरुवातीलाच उघडा.

दुकानातली फसगत

‘व्हॅक्यूम पॅक आहे म्हणजे टिकणारच!’ हा गैरसमज सगळ्यात महागात पडणारा. व्हॅक्यूम म्हणजे फक्त हवा काढली, जिवाणू नाही मारले. सुपरमार्केटमधली चिकन सलामी, सॉसेज, कबाब, नगेट्स हे सगळं ओलसर आणि फ्रीजचं. युरोपातली वाळवलेली, टणक सलामी आणि आपल्याकडची मऊ चिकन सलामी ही फक्त नावाची भावंडं.

सोपी टेस्ट सांगतो. दुकानात ती वस्तू कुठे ठेवली होती? फ्रीजमध्ये असेल तर तुमच्या सॅकमध्ये तिला जागा नाही. मग लेबल वाचा. ‘उणे १८ अंशांवर ठेवा’ किंवा ‘फ्रीजमध्ये ठेवा’ असेल तर परत शेल्फवर. ‘थंड, कोरड्या जागी ठेवा’ असेल तर टोपलीत. तपकिरी त्रिकोण दिसला की नॉनव्हेज, हे ग्रुपमधल्या शाकाहारी मित्रांसाठीही लक्षात असू द्या. त्यांच्यासाठी वेगळं भांडं आणि सोया चंक्स विसरू नका. सोयामध्येही १०० ग्रॅमला पन्नासेक ग्रॅम प्रोटीन असतं, त्यामुळे ते मागे पडणार नाहीत!

तीन दिवस, एक सॅक

नियम सोपा आहे. जड आणि ओलं ते आधी, हलकं आणि कोरडं ते शेवटी.

शुक्रवार रात्र: आईचं चिकन सुकं, घरीच. पोटभर.

शनिवार दुपार: टुनाचा डबा, दोघांत एक. भाकरी किंवा पोळी.

शनिवार रात्र: रिटॉर्ट पाऊच आणि गरम भात. सॅक एकदम हलकी.

रविवार दुपार: जवळ्याची चटणी, गावातली भाकरी, कांदा.

रविवार रात्र: वाळवलेल्या खिम्याची खिचडी. माणशी २५ ते ३० ग्रॅम दाणे पुरतात.

सोमवार: चालता चालता जर्की, आणि उरलेली चटणी कुणाच्या वाट्याला येते त्यावर भांडण.

पॅकिंग करताना सुक्या मासळीला तीन कवचं द्या. झिपची पिशवी, त्यावर दुसरी पिशवी आणि मग घट्ट झाकणाचा स्टीलचा डबा. नाहीतर लोकलच्या डब्यात तुमच्याभोवती आपोआप जागा होते! गडावर उंदीर, कुत्री आणि माकडं वासाच्या मागावर असतात, त्यांच्यापासूनही हाच डबा वाचवतो. पावसाळी ट्रेकला तर कोरडा माल हवेतलं पाणी भराभर ओढतो. प्रत्येक जेवणाची पुडी वेगळी बांधा, म्हणजे एक उघडली तरी बाकीच्या कोरड्या.

हिमालयात जाणार असाल तर

सह्याद्रीत सरावलेली मंडळी पुढे हिमालयाकडे वळतातच. तिथलं गणित थोडं वेगळं. उंची दर ३०० मीटरने वाढली की पाणी साधारण एक अंश कमी तापमानाला उकळतं. ४,५०० मीटरवर ते ८५ अंशांच्या आसपासच उकळायला लागतं. म्हणजे कच्चं काही शिजवायला वेळही जास्त आणि गॅसही जास्त. तिथे आधी शिजवून वाळवलेला खिमा किंवा फ्रीझ-ड्राइड पाकीट कामाला येतं. फ्रीझ-ड्राइंगमध्ये गोठलेलं पाणी थेट वाफ करून काढतात, त्यामुळे मांस पिसासारखं हलकं होतं आणि गरम पाणी ओतलं की पुन्हा फुलतं. महाग आहे, पण आठ दिवसांच्या ट्रेकला सॅक जितकी हलकी तितकं बरं.

पहाडी लोकांना हे शिकवायला नको. नेपाळमध्ये सुकुटी, भूतानमध्ये शाकम, नागालॅण्डमध्ये चुलीवर धुरावलेलं डुकराचं मांस. थंड कोरडी हवा नाहीतर चुलीवरचा धूर, जे हाताशी होतं त्याने त्यांनी हा प्रश्न कधीच सोडवलाय.

आधी विचारा, मग भाजा

आता शेवटची गोष्ट, जी कुठल्याच लेबलवर लिहिलेली नसते. सह्याद्रीतल्या बहुतेक गडांवर देऊळ असतं आणि मुक्कामाच्या गुहा पुष्कळदा देवळाला लागूनच. हरिश्चंद्रेश्वराच्या देवळासमोर बोंबील भाजायला घेणं म्हणजे खालच्या गावाशी संबंध कायमचे बिघडवणं. गावातले लोक स्वतः मांस-मासे खातात, पण देवाच्या दारात नाही. श्रावण असेल, एकादशी असेल, घरात कुणाचा उपास असेल. विचारायला काय जातं? ‘मावशी, इथे सुकट भाजली तर चालेल का?’ एवढं एक वाक्य पुरतं. बहुतेक वेळा उत्तर येतं, ‘तिकडं पडवीत भाज की!’ आणि मग मावशीच तव्यावर दोन हिरव्या मिरच्या टाकून देतात. पुरातत्त्व खात्याच्या संरक्षित वास्तूंमध्ये तर कुठलाही स्वयंपाक, व्हेज असो वा नॉनव्हेज, परवानगीशिवाय चालत नाही. अभयारण्यात असाल तर मुक्कामाचे आणि जाळाचे वनखात्याचे नियम निघण्याआधीच विचारून घ्या.

आणि टाकी! गडावरचं टाकं म्हणजे तिथे येणाऱ्या प्रत्येकाचं पिण्याचं पाणी. त्यात टुनाचा तेलकट डबा विसळला की ते तेल आणि तो वास पुढच्या ग्रुपच्या बाटलीत जातो. डबा भाकरीच्या तुकड्याने पुसून घ्या, तो तुकडा खाऊन टाका, डबा चेपा, पिशवीत बांधा आणि खाली आणा. पाऊचही खालीच. ते जळत नाहीत, नुसते काळे होऊन पडून राहतात. रिकामा डबा भरलेल्या डब्यापेक्षा हलकाच असतो. वर नेताना जड वाटला नाही, तर खाली आणायला कसला त्रास?

तेव्हा पुढच्या वेळी ग्रुपवर ‘नॉनव्हेजचं काय?’ आलं की पन्नास मेसेज नकोत. एकाला जवळ्याची चटणी सांगा, एकाला खिमा, एकाला डबे-पाऊच. आणि लीडरला? त्याला म्हणावं, तू मॅगीच आण. तिसऱ्या दिवशी चटणीवरून भांडण सुरू झालं की कुणाला तरी मॅगीवर भागवावं लागणारच आहे!